ईमेल सर्व्हरवरील फाइलसाठा

कार्यालयीन दस्तऐवज वेगळ्या फाइल सर्व्हरवर न ठेवता ईमेल सर्व्हरच्या डेटाबेसमध्येच साठवण्याची पद्धत. लोटस नोट्समध्ये (१९८९) संदेश आणि दस्तऐवज मुळातच एका जातीच्या डेटाबेसमध्ये राहत असल्याने तेथे दस्तऐवज कोठे ठेवायचे हा प्रश्न वेगळा उद्भवला नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजपुरती आहे.

पार्श्वभूमी : ईमेलला फाइल जोडण्याचे ‘माइम’ हे मानक नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडले. त्यातील बेस-६४ संकेतनात ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे जोडपत्र प्रवासात सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

सार्वजनिक फोल्डर : एक्सचेंजच्या पहिल्या, म्हणजे ४.० आवृत्तीपासून (१९९६) ही सोय होती. फाइल माउसने ओढून फोल्डरात टाकली की ती एका नोंदीच्या रूपाने डेटाबेसमध्ये जाई. प्रत्येक फोल्डरची परवानगी वेगळी ठेवता येई, आणि त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरांवर आपोआप पोहोचत. शाखा अनेक आणि लाइन मंद अशा संस्थांना हे सोयीचे होते, ही गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. मात्र दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला तर दोन्ही प्रती समोर येत आणि कोणती ठेवायची ते माणसानेच ठरवावे लागे.

एम ड्राइव्ह : एक्सचेंज २००० मध्ये हा प्रकार टोकाला गेला. सर्व्हरवर ‘एम’ अक्षराचा एक ड्राइव्ह आपोआप दिसू लागला. त्यात सर्व मेलबॉक्स व सार्वजनिक फोल्डर साध्या डिरेक्टरींसारखे मांडलेले असत. वर्डमधून थेट तेथे दस्तऐवज जतन करता येई. प्रत्यक्षात ती डिस्क नव्हतीच, डेटाबेसवर चढवलेला फाइलप्रणालीचा मुखवटा होता. नेहमीच्या अँटिव्हायरसला व बॅकअपच्या प्रणालीला हा फरक कळत नसे. ती इतर ड्राइव्हांबरोबर ‘एम’ही चाळत आणि संदेश, विशेषतः कॅलेंडरमधील नोंदी, बिघडत. तसे करू नये असे मायक्रोसॉफ्टला स्वतंत्रपणे बजावावे लागले. २००३ च्या आवृत्तीत हा ड्राइव्ह मुळात लपवलेला येई, २००७ मध्ये काढून टाकण्यात आला. दरम्यान शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर २००१ याच साठवण-तंत्रावर उभा राहिला होता. त्याची २००३ ची आवृत्ती एसक्यूएल सर्व्हरवर गेली.

मर्यादा : एक्सचेंज २००० व २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत एका साठ्याला १६ जीबीची कमाल मर्यादा होती. ती ओलांडताच साठा बंद पडे आणि फायलींबरोबर सगळ्यांचे टपालही थांबे. ड्रॉइंग, स्कॅन व सादरीकरणे टपालाच्या डेटाबेसमध्ये ठेवण्यास प्रशासकांचा विरोध असे तो यासाठी. २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली. एका मेलबॉक्समधली चुकून कायमची पुसलेली फाइल बॅकअपमधून परत आणायची, तर एरवी संपूर्ण साठाच दुसऱ्या सर्व्हरवर उतरवावा लागे. २००३ मध्ये यासाठी वेगळा पुनर्प्राप्ती-गट आला. एकच जोडपत्र शंभर जणांना गेले तरी एका डेटाबेसमध्ये त्याची एकच प्रत राही. ही काटकसर २०१० च्या आवृत्तीत वेगासाठी सोडून देण्यात आली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर मतभेद आहेत.

सद्यःस्थिती : सार्वजनिक फोल्डर २०१३ पासून विशेष मेलबॉक्समध्ये ठेवले जातात.

पीएसटी फायली : मेलबॉक्सवर मर्यादा घातली की कर्मचारी जोडपत्रे आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये हलवत, आणि ती फाइल पुष्कळदा फाइल सर्व्हरवरच ठेवत. नेटवर्कवरून पीएसटी वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नव्हता. आउटलुक २००२ पर्यंतच्या स्वरूपाला २ जीबीची मर्यादा असे. ती उलटली की फाइल उघडेनाशी होई. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले साधन फाइलचा काही भाग छाटून उरलेली फाइल दुरुस्तीयोग्य करी. छाटलेला मजकूर परत मिळत नसे.