मुक्काम ते महाराज बाडा

प्रवासाचा विचार मनात आला की मनुष्य प्रथम शेवटच्या ठिकाणाची चौकशी करतो. पोहोचावयाचे कोठे, हे ठरले की सर्व ठरले असे त्यास वाटते. परंतु जुन्या काळचा प्रवासी असा विचार करीत नसे. वाट दोन-तीन महिन्यांची. तेव्हा शेवटचे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून चालणे व्यर्थच. त्याचा खरा प्रश्न रोजचा असे आणि तो सूर्य कलू लागला की उभा राही: आजची रात्र कोठे काढावयाची? या एका प्रश्नाच्या उत्तरावर कधी प्रवास सुखाचा होई, कधी जिवावर बेते. आणि क्वचित् असेही घडे की, त्या उत्तरातून एक अख्खे शहर जन्मास येई. ग्वाल्हेरचे लष्कर हे असे शहर होय.

मराठी भाषेने या एका गोष्टीसाठी किती शब्द राखून ठेवले आहेत, ते पाहण्याजोगे आहे. मजल, मुक्काम, तळ, पडाव, उतारा, वस्ती आणि जुन्या ग्रंथांतील पेणे. ज्या समाजाचे पाय शतकभर घोड्याच्या रिकिबीत होते, त्याच्याच भाषेत अशी श्रीमंती येते. मुक्कामाची निवड करताना पाहावयाच्या गोष्टीही ठरलेल्या. पाणी प्रथम, मग दाणावैरण, मग सरपण, मग चोराचिलटांपासून आसरा. गाव फार मोठे असल्यास जकातीचा आणि चौकशीचा जाच. अगदी लहान असल्यास पिठामिठाचीही अडचण. म्हणून जाणता वाटाड्या मधल्या वकुबाचे गाव पसंत करी. जेथे आठवड्याचा बाजार भरतो, नदीला उतार आहे, देवळासमोर ओवऱ्या आहेत, अशा ठिकाणी पथारी पसरावी, हा अनुभवाचा सिद्धान्त होता.

दक्षिणेतून हिंदुस्थानात जाण्याची मराठ्यांची वाट अशाच गावांनी ओवलेली होती. १७६० साली सदाशिवरावभाऊ मार्चच्या मध्यास परतूरहून निघाले, ते बऱ्हाणपूर, नर्मदेवरील हंडिया, सिरोंज, नरवर असे मुक्काम करीत मे महिन्याच्या अखेरीस ग्वाल्हेरीस पोहोचले. बरोबर केवळ फौज असती, तर गोष्ट निराळी होती. परंतु तिच्या मागे बाजारबुणगे होते, बायकामुले होती, आणि फौजेच्या सावलीत काशी-प्रयाग साधू पाहणारे यात्रेकरू होते. एवढा मोठा समुदाय ज्या गावी उतरे, त्या गावची विहीर आणि शेत दोन्ही आटून जात. पुढे पावसाने नद्या फुगल्या आणि गंभीर नदीच्या अलीकडे सुमारे महिनाभर खोळंबा झाला. शेवटचा मुक्काम तर इतिहासाने रक्ताने लिहून ठेवला आहे. पानिपतावर तळ पडला, तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून १७६१ च्या १४ जानेवारीपर्यंत हलला नाही. शत्रूने रसद तोडली आणि जो तळ आश्रयासाठी घातला, तोच उपासमारीचा पिंजरा झाला. मुक्काम चांगला केव्हा? जेथून सकाळी निघता येते तेव्हा.

फौजेचा मुक्काम आणि यात्रेकरूचा मुक्काम यांत मात्र अंतर होते. फौज गावाकडून घेई. यात्रेकरूस गावाकडून मिळे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरी राहून देशभर ज्या धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले, ते म्हणजे वाटसरूच्या संध्याकाळची केलेली तरतूदच होती. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाले, ते याच तरतुदीच्या भरवशावर. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत ही वार्ता ऐकून, दक्षिणा मिळवावी आणि घरचे ऋण फेडावे, एवढाच त्यांचा हेतू. वाटेवर त्यांस मिळाले ते निराळेच. महूच्या आसपास पलटणीच्या शिपायांशी गाठ पडली आणि पुढच्या प्रलयाची पहिली कुणकुण लागली. पुढे काल्पीच्या बाजूस एका विहिरीपाशी झाशीची राणी तहानेने व्याकूळ होऊन आलेली त्यांनी पाहिली. दक्षिणा बरीचशी लुटली गेली. आठवणी मात्र कोणास लुटता आल्या नाहीत. त्या आठवणी १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने छापल्या. त्या पुस्तकातील जिवंतपणा पुष्कळसा वाटेवरच्या विहिरींचा, धर्मशाळांचा आणि परक्या घरांच्या ओसऱ्यांचा आहे.

आता शिंदे यांच्या छावणीकडे वळावे. १८०९ साली दौलतराव शिंदे राजपुतान्यात फिरत असता ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी त्यांच्या तळावर होता. त्याची पत्रे १८१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने मुक्काम कसा पडतो, याचे फार बारकाईने वर्णन केले आहे. बिनीवाला पुढे जाई आणि जागा पसंत करून एक लहानसे पांढरे निशाण रोवी. ते निशाण म्हणजे महाराजांच्या तंबूंची जागा, अर्थात् देवडी. मग एकेका बाजाराचे निशाण येई व ठरल्या क्रमाने उभे राही. दुकाने समोरासमोर दोन ओळींत लागत आणि त्यांतून तीन-चार मैल लांबीचा एक सरळ रस्ता तयार होई. देवडीच्या पुढ्यात मुख्य बाजार. रस्त्याच्या उजव्या-डाव्या हातास सरदारांचे गोट. जागा रोज बदले, पण नकाशा बदलत नसे. म्हणजे मराठ्यांपाशी एक संपूर्ण शहर होते. ते फक्त जमिनीला चिकटलेले नव्हते.

ते चिकटले १८१० साली. १८०३ च्या युद्धात दौलतरावांचा पराभव झाला होता. १८०५ च्या तहाने ग्वाल्हेर त्यांच्याकडे परत आले. जुनी राजधानी उज्जैन. परंतु दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि तो पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या, निशाणांच्या जागी चौक आले. गावास नाव द्यावयाचेही कोणास सुचले नाही. लोक ‘लष्कर’ म्हणत होते, तेच नाव राहिले. इंग्लंडात ज्या गावांच्या नावाशेवटी ‘चेस्टर’ येते, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी रोमन सैन्याच्या छावण्या आहेत. उर्दू या शब्दाचा मूळ अर्थही छावणी असाच. तेव्हा लष्करची गोष्ट जगावेगळी नाही. पण ती मराठी आहे, हे तिचे वैशिष्ट्य.

महाराज बाडा हा या शहराचा मध्य. बाडा म्हणजे आपला वाडाच; उत्तरेच्या जिभेवर त्याचा ‘व’ बदलला, इतकेच. एका बाजूस शिंद्यांचे जुने राहते ठिकाण गोरखी, जवळच सराफा. आणि पुढे भोवताली टाऊन हॉल, डाकघर, व्हिक्टोरिया मार्केट, बँक अशा निरनिराळ्या धाटणीच्या इमारती उठल्या. परंतु इमारतींपेक्षा गल्ल्यांची नावे अधिक बोलकी आहेत. चिटणीस की गोठ या नावात छावणीतला गोट ऐकू येतो. दाणा ओली, दर्जी ओली या नावांत दुकानांच्या ओळीची आठवण होते. कंपू हे नाव कवायती पलटणींची खूण सांगते. शिंदे की छावनी आणि फालका बाजार यांस तर भाष्याचीही आवश्यकता नाही. ज्याने ब्रॉटनचे वर्णन वाचले आहे, त्यास बाड्यावर उभे राहून देवडी, तिच्या पुढचा बाजार आणि दोहो बाजूंचे गोट यांची कल्पना सहज करता येईल.

याच शहराने मुक्कामाचा दुसरा धडाही पाहिला. १८५८ च्या १ जून रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या हाती ग्वाल्हेर आले. विश्रांतीला जागा मिळाली, खजिना मिळाला. दरबार आणि भोजने यांत दिवस गेले. सर ह्यू रोज मात्र थांबला नाही. १७ जूनला शहराबाहेर कोटा की सराय येथे लढाई जुंपली आणि तीन-चार दिवसांतच ग्वाल्हेर हातचे गेले. राणीही त्याच धुमाळीत पडली. लढाईच्या जागेचे नाव सराय, म्हणजे वाटसरूंचा रात्रीचा निवारा असावा, हा इतिहासाचा क्रूर योगायोग होय.

आज मुंबई-आग्रा रस्त्याने मोटार धावते. जेथे महिने लागत, तेथे दोन दिवस पुरतात. पाण्याची आणि वैरणीची चिंता गेली. तिच्याबरोबर मधल्या गावांची ओळखही जाऊ लागली आहे. घाईचा प्रवासी मोठ्या शहरात, मोठ्या रस्त्याच्या कडेला रात्र काढतो आणि सकाळी निघतो. त्यास कोणतेच गाव भेटत नाही. वास्तविक या दिशेला महेश्वरचा घाट आहे, विणकरांची चंदेरी आहे, सिंध नदीजवळचा नरवरचा किल्ला आहे, शिंद्यांचे उन्हाळी ठाणे शिवपुरी आहे. यांतील काही ठिकाणी हमरस्ता सोडून आत वळावे लागते. तेवढे वळण घेणाऱ्यास संध्याकाळी नदी दिसते, मागाचा आवाज ऐकू येतो आणि एखाद्या आडनावातून किंवा गल्लीच्या नावातून आपलीच भाषा अनपेक्षित उत्तर देते.

बिनीवाल्याचे ते लहानसे पांढरे निशाण आता कोणी रोवीत नाही. परंतु त्याची कसोटी अद्याप जुनी झालेली नाही. जेथे पाणी गोड, बाजार जवळ आणि माणूस बोलका, तेथे उतरावे. आणि उतरल्यावर त्या गावास पूर्वी कोण कोण उतरून गेले, याची विचारपूस करावी. लष्करचे मराठी सरदार एका रात्रीचे बिऱ्हाड घेऊन आले होते. त्यांचे वंशज दोनशे वर्षांनंतरही बाड्याच्या आसपास नांदत आहेत.