वसईचा धारा: मुड्यापासून सर्व्हे नंबरापर्यंत

जून १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण पेशव्यांकडून कंपनी सरकारकडे गेले, तेव्हा वसई, आगाशी, सोपारे या परिसरातील महसूल मुख्यतः मोजलेल्या जमिनीवर नव्हे, तर अंदाजाने ठरलेल्या पिकावर उभा होता. भात मोजण्याच्या मुडा या मापावर धारा, म्हणजे जमीनमहसूल, बांधला की त्यास मुडेबंदी म्हणत. क्षेत्र न मोजता शेताच्या एखाद्या तुकड्यावर ठोक आकार बसविला की ती हुंडाबंदी होई, आणि डोंगराळ भागात तर नांगर व कुदळ हीच आकारणीची एकके असत. अशा व्यवस्थेत गावचा पाटील आणि सरकारी वसुली अधिकारी कमाविसदार यांच्यातील घासाघिशीला बराच वाव राही. नव्या राज्यकर्त्यांना तीच अव्यवस्था वाटली.

१८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध झालेली मोजणीची पद्धत १८६० च्या दशकाच्या आरंभी वसईत पोहोचली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, मातीची प्रत आण्यांत ठरली आणि तीस वर्षांसाठी रोख आकार कायम झाला. तो न भरल्यास कब्जा जाण्याची जोखीम एकट्या खातेदारावर आली. पगारी तलाठी हिशेब राखू लागला आणि मामलेदार वर्षअखेरीस जमाबंदी तपासू लागला. आगाशीकडील केळीच्या व पानवेलीच्या बागायतीला, तसेच सपाट भातखाचरांना ही चौकट सहज लागू पडली, कारण त्यांच्या कडा ठळक होत्या आणि उत्पन्न हिशेबात धरता येत होते.

वरकसाचे मात्र तसे नव्हते. वरकस म्हणजे उंचवट्यावरची हलकी जमीन, जिथे नाचणी-वरी होई. परंतु तिचा खरा उपयोग राबासाठी होता. राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी शेण, गवत, पालापाचोळा आणि डहाळ्या पसरून वाफा भाजणे. म्हणजे खालच्या खाचराचे पीक वरच्या टेकडीच्या पाल्यावर अवलंबून असे, पण सरकारी दप्तरात ही दोन्ही वेगळी होती: खाचर महसूल खात्याचे, तर टेकडीचा बराच भाग १८७८ च्या वन कायद्यानंतर वनखात्याच्या कक्षेत. पाला तोडण्यावर निर्बंध येताच ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. महसूल अधिकाऱ्यांनाही या प्रश्नाचे मर्म कळत होते, असे मानावयास जागा आहे, कारण भात बुडाले तर धाराही बुडणार होता.

दप्तराबाहेर राहिलेला दुसरा घटक प्रत्यक्ष कसणारा. सर्व्हेच्या मूळ नोंदीला धारा भरणाऱ्याचे नाव पुरेसे होते. त्याच्याकडून खंडाने जमीन करणारी कुळे तिच्यात सहसा दिसत नाहीत. १९०३ च्या अधिकार अभिलेख कायद्यानंतर हक्कांची स्वतंत्र नोंद सुरू झाली आणि पुढे गाव नमुना सात व बारा यांतून जमीन कोणाची व ती कोण कसतो, हे एकाच कागदावर येऊ लागले. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांस हक्क दिले आणि १ एप्रिल १९५७ हा कुळांना मालक मानण्याचा कृषक दिन ठरला, तेव्हा ही मालकी सिद्ध करताना याच बाराच्या रकान्यातील नोंदींचा आधार घेण्यात आला.