पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव फुले

पेशवाईंतील पुणें शहराचा कारभार कसा चाले, हें पाहावयाचें झाल्यास अभ्यासकांपुढें साधनें विपुल आहेत. पेशवे दप्तरांतील हिशेब, कोतवालीचे कागद व सरदार घराण्यांचीं दप्तरें यांवरून रस्ते, पाणी, पहारा व बाजार यांची बरीच माहिती हातीं लागते. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी शहरांत आणविलें, घाशीराम कोतवालाचा अंत इ. स. १७९१ त झाला, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. परंतु इ. स. १८५७ च्या सुमारास पुण्यास म्युनिसिपालिटी स्थापन झाल्यानंतरच्या शहरकारभाराकडे आपल्या संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. मोडी रुमालास जो मान मिळतो, तो म्युनिसिपालिटीच्या सभेच्या इतिवृत्तास मिळत नाहीं. ही उपेक्षा किती महाग पडते, याचें एक उदाहरण प्रस्तुत लेखांत द्यावयाचें आहे.

जोतीराव गोविंदराव फुले हे इ. स. १८७६ पासून १८८२ पर्यंत या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन सादर केलें, त्यांत आपला उल्लेख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, असा त्यांनीं स्वतःच केला आहे. येथें ‘कमिशनर’ याचा अर्थ सभासद एवढाच घ्यावयाचा. हल्लींच्या आयुक्ताशीं त्याचा संबंध नाहीं.

जोतीरावांची ही नेमणूक सरकारी होती. स्थानिक स्वराज्याविषयींचा लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव मे १८८२ मधला, व त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत झालेला कायदा १८८४ चा. अर्थात् मतदारांपुढें जाऊन, आपण निवडून आल्यास शहरासाठीं अमुक करूं, असें सांगण्याचा प्रसंग त्यांजवर आलाच नाहीं. आजच्या उमेदवाराप्रमाणें त्यांचा जाहीरनामा उपलब्ध नाहीं. शहराच्या कोणत्या गरजेस ते प्रथम स्थान देत, हें त्यांच्या पत्रांवरून व सभेंतील विरोधावरूनच ठरविलें पाहिजे. माझ्या मतें हा पुरावा जाहीरनाम्याहून कमी दर्जाचा नाहीं. मत मागतांना सर्वच गोष्टी हव्याशा वाटतात. तिजोरी मर्यादित असतां कशास नकार दिला, यावरून मनुष्याचा खरा अग्रक्रम कळतो.

असे तीन प्रसंग नमूद आहेत. पहिला इ. स. १८८० च्या जुलैंतील. शहरांत दारूचीं दुकानें वाढत चाललीं असून त्यामुळें कुटुंबांची धूळधाण होत आहे, याकडे त्यांनीं पत्र लिहून म्युनिसिपालिटीचें लक्ष वेधलें. दुसरा प्रसंग गव्हर्नर-जनरलच्या स्वागताचा. त्यासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना सभेपुढें आली असतां, ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असें जोतीरावांनीं सुचविलें. आणि बत्तीस सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. तिसरा प्रसंग मंडईचा. मोठी रक्कम घालून मंडईची इमारत उभारण्यापेक्षां तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असें त्यांचें म्हणणें होतें.

दुसऱ्या प्रसंगाविषयीं कालनिर्णयाची एक अडचण आहे. प्रचलित चरित्रलेखनांत सभेची तारीख ३० नोव्हेंबर १८८० दिलेली असते व पाहुण्याचें नांव लॉर्ड लिटन असें असतें. पण लिटन यांनीं जून १८८० मध्येंच अधिकार सोडला व रिपन त्या पदावर आले. म्हणजे तारीख खरी धरल्यास गव्हर्नर-जनरल लिटन नव्हत, आणि नांव खरें धरल्यास सभा जूनपूर्वींची ठरते. हा भेद क्षुल्लक नाहीं. देशी वृत्तपत्रांचा गळा दाबणारा १८७८ चा कायदा लिटन यांच्या कारकीर्दींतला, व तो रद्द झाला रिपन यांच्या कारकीर्दींत. जोतीरावांच्या विरोधामागें त्या कायद्याचा राग होता, असें जें सांगण्यांत येतें, तें पाहुणा लिटन असेल तरच टिकतें. मात्र पैसा शिक्षणाकडे वळवावा ही त्यांची सूचना दोन्ही पक्षीं अबाधित राहते. निकाल लावण्यास मूळ इतिवृत्तावांचून दुसरें साधन नाहीं.

मंडईच्या बाबतींत दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. त्या काळीं भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणांत भरे. ऊन-पावसांत बसणाऱ्या विक्रेत्यांस छपराची गरज नव्हती, असें कोण म्हणेल? जोतीरावांस ती कळत नव्हती, असेंहि म्हणवत नाहीं. कारण त्यांचें आडनांवच घराण्याच्या फुलांच्या व्यवसायावरून पडलेलें आहे. प्रश्न होता तो आधीं काय व मागून काय, याचा. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, ही मागणी हंटर कमिशनपुढें करणाऱ्या गृहस्थाचें उत्तर उघड होतें. आणि सार्वजनिक सोयींविषयीं ते उदासीन होते, हा आक्षेप तर टिकतच नाहीं, इ. स. १८६८ मध्यें त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता.

मंडई बांधली गेली व १८८६ मध्यें खुली झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां त्यांच्या पुढाकारानें तिचें नामकरण ‘महात्मा फुले मंडई’ असें झालें. ज्या वास्तूच्या खर्चास त्यांनीं विरोध केला, तीच त्यांचें नांव धारण करून उभी आहे! नामफलक वाचणाऱ्यास त्या विरोधाचा पत्ता लागत नाहीं; तो कागदच सांगूं शकतो.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या वाड्यांतील दप्तरें चाळतांना सनदा व वंशावळी यांजबरोबर म्युनिसिपालिटीचे छापील अहवाल, कराच्या पावत्या व सभासदांचीं पत्रें हींहि रद्दींत जाऊं देऊं नयेत. बत्तिसांत एकट्यानें दिलेलें मत कोणत्या दिवशीं दिलें, हें सांगणारा कागद एखाद्या सनदेहून कमी मोलाचा नव्हे.