मळवलीचा छापखाना आणि जोह्याचा कारखाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर नवी वही मांडावी, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढावा, हळदकुंकू वाहून लाह्याबत्ताशांचा नैवेद्य दाखवावा, ही आपली जुनी रीत. त्या वेळी जुन्या वहीकडे कोणी पाहत नाही. ती फडताळात जाऊन पडते. पण ज्याला आपला धंदा दुसऱ्याच्या हाती सोपवायचा आहे, त्याला नवीपेक्षा जुनीच वही कामाची, ही गोष्ट मला मास्तरकीच्या इतक्या वर्षांत कळली नव्हती. ती कळली गेल्या दिवाळीत, एका गणपतीच्या कारखानदारामुळे.

जोहे हे आमच्या पेण तालुक्यातले गाव. हमरापूर, कळवे, तांबडशेत ही त्याची शेजारी. पनवेल-रोहे गाडीने हमरापूरच्या थांब्यावर उतरलात की दोन्ही हातांना गणपतीच गणपती. पडवीत गणपती, माळ्यावर गणपती, अंगणात प्लॅस्टिकच्या कापडाखाली गणपती. काही रंगवलेले, बरेचसे पांढरेफटक कच्चे, मुंबई-ठाण्याच्या व्यापाऱ्यांकडे जाण्याच्या वाटेवर. गावोगावच्या मखरांत जो बाप्पा दहा दिवस बसतो, त्याची वर्षभराची वस्ती इथे असते.

तर अशाच एका कारखान्याचे मालक, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, दिवाळीच्या आधी चार दिवस माझ्याकडे आले. काखेत कापडी पिशवी. चहा झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, कारखाना विकायचा ठरवलाय. मुलगा पुण्यात नोकरीला. तो काही मातीत हात घालणार नाही. माझे गुडघे गेले. तुम्ही गोष्टीबिष्टी लिहिता, एक चांगलीशी जाहिरात लिहून द्या."

मी विचारले, "दादा, विकायचे म्हणजे नेमके काय विकायचे?"

ते हसले. "काय म्हणजे? शेड, साचे, रंगाचे पंप आणि उरलेला माल."

"आणि तुमचे नाव?"

यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, "नाव कुणी विकतं का, गुरुजी?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या हकिकतीत सापडले. ती आमच्यापासून फार लांबची नाही. पेणहून खोपोलीला जावे, बोरघाट चढून लोणावळा ओलांडावे, की पुढचे स्टेशन मळवली. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी पाहायला जाणारे तिथे उतरतात. याच मळवलीला एके काळी एक छापखाना होता आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वती वाचकांपैकी कितीतरी जणांच्या आजोळच्या देवघरात नक्की असेल. तो राजा रविवर्म्याचा छापखाना.

रविवर्मा १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे जन्मला. त्याची तैलचित्रे राजेरजवाड्यांच्या महालांत टांगली जात. सर टी. माधवराव हे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्यांनी त्याला सुचवले की, मागणी इतकी आहे आणि तुमचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवा. सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे बडोद्याला जाण्यापूर्वी मुंबईत प्रदर्शनात मांडली, तेव्हा ती पाहायला लोकांची रीघ लागली. ज्यांना महालाचा उंबरा कधी ओलांडता आला नसता, त्यांनाही चित्र हवे होते. चित्रकाराने परदेशी चित्रे पाठवण्याऐवजी परदेशी यंत्रेच इकडे आणली. शेठ गोवर्धनदास खटाव माखनजी यांच्या भागीत १८९४ साली मुंबईत छापखाना उभा राहिला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. 'शकुंतला-जन्म' हे पहिले चित्र त्याच वर्षी निघाले.

ही शिळाछाप म्हणजे मोठे चिकाटीचे काम. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्र उतरवायचे, तेही प्रत्येक रंगाला वेगळ्या दगडावर. एकाच कागदावर ते सारे दगड एकामागून एक, केसभरही न सरकता, उमटले पाहिजेत. एक दगड हलला की देवीचे ओठ गालावर! अशा धंद्यात भांडवल आधी अडकते आणि पैसा मागाहून, हळूहळू येतो. आमच्या जोह्यालाही तेच आहे. दिवाळीनंतर साचे निघतात, माल भाद्रपदात विकला जातो आणि मधले आठ-नऊ महिने पदरचे आणि बँकेचे पैसे मातीत असतात.

त्यात १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळू लागली. कामगारच नाहीत तर यंत्र काय करणार? पुढे भागीदारी विस्कटली, कर्ज वाढले आणि १८९९ साली छापखाना मळवलीला हलवला गेला. रविवर्म्याचा धाकटा भाऊ राजराज वर्मा हाही चित्रकार. तो रोजनिशी लिहीत असे आणि ती २००५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहे. दोघे भाऊ चित्रांच्या मागण्यांसाठी देशभर हिंडत होते आणि छापखान्याची चिंता त्यांच्या पाठीवर होती. मालक दौऱ्यावर आणि धंदा डोंगराच्या पायथ्याशी. असा धंदा फार दिवस चालत नाही.

शेवटी १९०३ साली रविवर्म्याने छापखाना विकला. कोणाला? मुंबईच्या एखाद्या बड्या शेठला नव्हे. त्याच छापखान्यात काम करणाऱ्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला. आणि काय विकले? यंत्रे आणि दगड तर विकलेच, शिवाय आपली अनेक चित्रे छापण्याचा हक्कही लिहून दिला. छापखान्याचे नाव रविवर्म्याचेच राहिले. तीन वर्षांनी, १९०६ च्या ऑक्टोबरात, चित्रकार वारला. पण त्याच्या नावाचे छाप पुढे कित्येक दशके देशभर जात राहिले. श्लायशरने इतर चित्रकारांची चित्रे घेतली, जाहिरातींची आणि मालावरच्या लेबलांची कामे धरली आणि धंदा वाढवला. ज्यांनी आपला भारतीय चित्रपट जन्माला घातला, ते दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ याच छापखान्याचे काम करीत होते. १९७२ सालच्या आगीत छापखान्याचे फार मोठे नुकसान झाले. म्हणजे मालक गेल्यावरही धंदा सहा-सात दशके जगला.

दादांना मी एवढी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे नाव विकलं जातं तर!"

"विकले जाते," मी म्हणालो, "पण ते विकण्याजोगे करून ठेवावे लागते."

मग आम्ही दोघांनी ती पिशवी सोडली. आत तीन वह्या निघाल्या. एका पानावर प्लॅस्टरच्या गोण्या, त्याच पानावर धाकटीच्या लग्नाचा मांडव. खाली काथ्या, रंग आणि डॉक्टरचे बिल. एखाद्या व्यापाऱ्याने विसार म्हणून दिलेली रक्कम जमेला धरलेली, पण माल गेला की नाही याची नोंदच नाही. दादांना सारे तोंडपाठ होते. पण घेणाऱ्याला दादांचे डोके विकत मिळणार नव्हते! कारखाना वर्षाला काय कमावतो, हे त्या वह्यांवरून मालकाला कळत होते, दुसऱ्या कोणालाही नाही. आणि जी कमाई दाखवता येत नाही तिची किंमत कोणी देत नाही.

रविवर्म्याचे उदाहरण मी देतो ते तो यशस्वी व्यापारी होता म्हणून नव्हे. धंद्यात तो पोळलाच. त्याने विकले ते कर्जाच्या दाबाखाली, आणि दाबाखाली विकणाऱ्याचा हात नेहमी खालीच असतो. प्लेगच्या आधी, मागणी ऐन भरात असताना तो छापखाना विकला असता तर सौदा वेगळा झाला असता, असे मला वाटते. पण दोन गोष्टी त्याने अचूक केल्या. एक, काम जाणणारा गिऱ्हाईक निवडला. दुसरी, लोखंडाबरोबर हक्क आणि नाव दिले. नुसती यंत्रे विकली असती तर ती भंगाराच्या थोडी वरची किंमत होती.

याच्या उलट आमच्या मराठी मुलखातले एक उदाहरण आहे. १८९१ साली 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे टिळकांच्या एकट्याच्या मालकीची झाली, ती कर्जाच्या बोज्यासकट. कर्ज किती, हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक होते. उघड सांगितलेले कर्ज माणूस खांद्यावर घेतो. मागाहून निघालेले कर्ज मात्र मैत्रीही बुडवते. दादांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी खाली मान घालून पतपेढीच्या एका जुन्या हप्त्याची गोष्ट काढली. ती त्यांनी घरीही सांगितली नव्हती. ती त्या रात्री वहीत लिहिली गेली.

नावाच्या बाबतीत कायदाही बोलतो. १८७२ चा करार कायदा सांगतो की, कोणाला त्याच्या पोटापाण्याच्या धंद्यापासून रोखणारा करार रद्दबातल समजावा. पण याच कलमाला, म्हणजे २७ व्याला, एक अपवाद आहे. ज्याने धंद्याचा नावलौकिक विकला, त्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचा करार केला आणि ती हद्द वाजवी असली, तर तो करार चालतो. रविवर्म्याच्या काळी हा कायदा होता, आजही आहे. म्हणजे दादांनी कारखाना विकून शेजारच्या पडवीत पुन्हा साचे मांडले, तर घेणाऱ्याने काय घेतले? दादा लगेच म्हणाले, "गुरुजी, असं मी करीन का?" मी म्हणालो, "तुम्ही करणार नाही. म्हणूनच लिहून द्यायला हरकत नाही."

जाहिरात मी लिहिली नाही. त्याऐवजी एक यादी केली. साचे किती, त्यांतले रबरी किती, आपण स्वतः घडवलेल्या मूर्तींवरून काढलेले किती आणि दुसऱ्याकडून आणलेले किती. नेहमीचे व्यापारी कोण, कोण किती वर्षे माल नेतो, उधारी कोणाकडे आहे आणि ती येण्याजोगी आहे का. शेडची जागा कोणाच्या नावावर, विजेचे मीटर कोणाच्या. आणि सर्वांत शेवटी, दादा एक महिना आजारी पडले तर कोणकोणती कामे थांबतील?

त्या शेवटच्या ओळीशी ते बराच वेळ अडखळले. मग म्हणाले, "डोळ्यांची आखणी थांबेल. ती मीच करतो."

मूर्तीत जीव येतो तो आखणीने. हात थरथरला की बाप्पा रागावलेला दिसतो. बाकी सगळे साचा करतो, डोळे माणूस करतो. पण जे काम फक्त मालकाच्या बोटांत आहे, ते विकता येत नाही, ते शिकवावेच लागते. कारखान्यात अठरा वर्षे काम करणारी एक कारागीर बाई होती. दादांनी तिच्या हाती कधी आखणीचा कुंचला दिला नव्हता. का दिला नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "कधी गरजच पडली नाही."

विक्री एक वर्ष पुढे ढकलायचे ठरले. वेळही तशी चांगली नव्हती. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम केल्यापासून आमच्या पट्ट्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती करण्या-विकण्यास मुभा दिली, विसर्जनावर मात्र अटी कायम ठेवल्या. दादांनी कोर्टाची वाट पाहिली नाही. निम्मा कारखाना शाडूकडे वळवला. घेणाऱ्याला एका पायावर उभा असलेला धंदा दाखवू नये, एवढे त्यांना कळले होते.

वर्षभर मी अधूनमधून जात असे. घरखर्चाची वही निराळी झाली. व्यापारी आला की दादा त्याची गाठ त्या बाईशी घालून देत आणि स्वतः चहा सांगायला उठत. उन्हाळ्यात एकदा गेलो तर दादा स्टुलावर बसलेले आणि बाई मूर्तीसमोर. तिने उजवा डोळा आखला, डाव्यावर आली आणि थांबली. दादांचा हात आपोआप पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. बाईने डोळा पुरा केला. कोणी काही बोलले नाही. छापखाना विकून पुन्हा चित्राकडे वळलेला रविवर्मा मला त्या वेळी आठवला. मळवलीला यंत्रे फिरत असतील आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने त्याची लक्ष्मी कागदावर उतरत असेल, तेव्हा त्याचाही हात असाच शिवशिवला असेल का?

गिऱ्हाइके तीन आली. एकाने सर्वांत जास्त रक्कम सांगितली, पण त्याला शेडची जागा हवी होती, गणपती नको होते. अखेर कारखाना गेला तो त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला. थोडी रक्कम रोख, थोडी बँकेची आणि उरलेली तीन हंगामांत फेडायची. दारावरची पाटी तीच राहील, असे कागदावर लिहिले आहे. दादांचा मुलगा सहीला पुण्याहून आला होता. तो पाटीकडे बराच वेळ पाहत होता.

यंदा लक्ष्मीपूजनाला दादांनी मला कारखान्यात बोलावले आहे. नवी वही बाईच पुजणार. पण जुन्या तीन वह्याही पाटावर ठेवायच्या, असा दादांचा आग्रह आहे. लग्नाचा मांडव आणि प्लॅस्टरच्या गोण्या एकाच पानावर असलेल्या त्या वह्या! हिशेबाला त्या कुचकामाच्या होत्या. पण एका माणसाचे चाळीस हंगाम त्यांत आहेत, आणि तेवढे मात्र विकण्याच्या यादीत आम्ही धरले नव्हते.