तीन पायऱ्या आणि एक मत

२०१९च्या लोकसभेला मी आणि माझ्या चुलतभावाने आजीला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून मतदान केंद्रात नेलं. गावच्या शाळेला पायऱ्या तीनच. परत येताना आजी म्हणाली, "पुढच्या वेळी नको रे बाबा. लोकं बघत राहतात."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या युजरला आमचं ॲप वापरता येत नाही, त्याला आम्ही 'एज केस' म्हणतो आणि पुढच्या रिलीजवर ढकलतो. आजीसारख्या मतदारांचं काय झालं हे शोधायला बसलो, तर तिथेही तेच दिसलं.

ज्याला केंद्रावर येता येत नाही त्याचंही मत मोजता येतं, हे आपल्या कायद्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच काही ठरावीक मतदारांसाठी टपालाने मत द्यायची सोय आहे. सीमेवरचा सैनिक त्यात बसला. तीन पायऱ्या न चढू शकणारी म्हातारी बसली नाही.

मग २००४ साल आलं. स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी आणि त्यांचा डिसेबल्ड राइट्स ग्रुप सर्वोच्च न्यायालयात गेले. ऐन लोकसभा निवडणुकीत न्यायालयाने केंद्रांवर लाकडी रॅम्प लावायला सांगितलं. सुरुवात शहरांपासून झाली, खेड्यांची पाळी नंतर आली. पुढे मतदान यंत्रावर ब्रेलमधले आकडे आले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर प्रत्येक मतदान केंद्र सुगम असलंच पाहिजे, असं लिहून ठेवलं.

घरून मतदानाचा नियम मात्र २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आला, म्हणजे १९५१नंतर ६८ वर्षांनी. पहिला प्रयोग त्याच वर्षी झारखंड विधानसभेला, मोजक्या मतदारसंघांत झाला. २०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार यांच्यासाठी ही सोय देशभर खुली झाली. त्यासाठी १२-डी फॉर्म वेळेत भरावा लागतो. अर्ज मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

आजी तेव्हा ८६ वर्षांची होती. निवडणूक कर्मचारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, अशी सगळी टीम ओसरीवर आली. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आजीने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मतपत्रिका पाकिटात बंद करूनच हाक मारली.

मी विचारलं, "बरं झालं ना, आजी?"

"बरं झालं," ती म्हणाली. "पण शाळेत गेले असते तर वरच्या आळीतली यमुना तरी भेटली असती."

या इतिहासातलं हेच विसरायला नको. घरी आलेलं मत ही सोय आहे, पण केंद्रापर्यंत जाता येणं हा हक्क आहे. पहिलं मिळालं म्हणून दुसरं सोडून द्यायचं नसतं. आमच्या शाळेच्या तीन पायऱ्या अजून तिथेच आहेत.