चर्च-अंतर्भागांचे छायाचित्रण, लंडन सिटी

लंडनच्या जुन्या गाभ्यातील, म्हणजे ‘सिटी’ विभागातील, ऐतिहासिक चर्चवास्तूंच्या आतील भागांचे विसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेले दस्तऐवजी छायाचित्रण. १६६६ च्या आगीनंतर सर क्रिस्टोफर रेन (१६३२–१७२३) यांच्या देखरेखीखाली येथे ५१ चर्चवास्तू नव्याने उभारल्या गेल्या. पुढे वस्ती उपनगरांकडे सरकली. १८६० च्या कायद्याने पॅरिश (चर्चचे स्थानिक विभाग) एकत्र करून रिकामी चर्च पाडण्याची वाट मोकळी झाली आणि अनेक वास्तू नाहीशा झाल्या. उरलेल्या वास्तूंची नोंद ठेवण्याची निकड त्यातून वाढली.

जॉर्ज बर्च यांच्या १८९६ च्या ग्रंथासाठी चार्ल्स लॅथम यांनी केलेले छायाचित्रण या कामाचा पाया ठरले. स्ट्रँडवरील ‘बेडफर्ड लेमीअर अँड कंपनी’ वास्तुरचनाकारांसाठी चित्रे काढी. फ्रेडरिक एव्हन्स (१८५३–१९४३) यांचा भर मात्र दस्तऐवजापेक्षा प्रकाशाच्या अनुभवावर होता. त्यांचे मुख्य क्षेत्र सिटीबाहेरची कॅथीड्रल. वेल्स कॅथीड्रलमधील जिन्याचे त्यांचे चित्र (१९०३) विख्यात आहे.

तंत्र : तिपाईवरचा मोठा लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वापरीत. जवळचे व दूरचे दोन्ही भाग स्पष्ट उमटावेत म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागे. त्यामुळे अंधाऱ्या दालनात प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा काळ मिनिटांत मोजावा लागे. तेवढ्या वेळात मधून चालत गेलेला माणूस प्लेटवर उमटतही नसे. चित्रांत दिसणारे निर्मनुष्यपण काही अंशी या तंत्राचा परिणाम होय. खिडक्यांच्या तीव्र उजेडाचे वलय पसरू नये म्हणून प्लेटांच्या पाठीला गडद लेप देत. खांब तिरपे दिसू नयेत यासाठी कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवीत. तत्कालीन ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा तांबड्या रंगाला जवळजवळ असंवेदनशील असल्याने तांबूस लाकडी कोरीवकाम प्रत्यक्षापेक्षा काळे दिसे. एव्हन्स प्लॅटिनम कागदावर छापत, कारण त्यात करड्या छटांचे बारकावे टिकत. पहिल्या महायुद्धात हा कागद दुर्मिळ झाला.

महत्त्व : २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात सेंट ब्राइड आणि न्यूगेट स्ट्रीटवरील क्राइस्ट चर्च यांसह अनेक वास्तू जळाल्या. रेनकालीन अंतर्भाग बराचसा शाबूत राखलेले ब्रेड स्ट्रीटवरील सेंट मिल्ड्रेड १९४१ मध्ये उद्ध्वस्त झाले व पुन्हा बांधले गेले नाही. सेंट ब्राइड १९५७ मध्ये पुन्हा उभे राहिले, पण आतली आसनरचना बदलली. ग्राहकासाठी किंवा ग्रंथासाठी काढलेली ही चित्रे त्यामुळे नष्ट अंतर्भागांच्या अभ्यासाचे प्रमुख दृश्य साधन बनली. मात्र रंग, ध्वनी आणि प्रत्यक्ष उपासना यांची नोंद त्यांत नाही.