व्हिसा नाकारल्यास न्यायालयात दाद?

अमेरिकी वकिलातीने व्हिसा नाकारल्यास तेथील न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ बंदच आहे. बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना प्रवेश नाकारला गेल्यावर त्यांना व्याख्यानांसाठी बोलावणारे अमेरिकी प्राध्यापक न्यायालयात गेले होते. सरकारचे कारण सकृद्दर्शनी वैध व प्रामाणिक असल्यास न्यायालय त्याच्या खोलात शिरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ठरविले. परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळणे हा अमेरिकी नागरिकाचाही मूलभूत हक्क नाही, असा निकाल २०२४ मध्ये आला. तो अधिकच कठोर म्हणावा लागेल. परतण्याची खात्री न पटल्याने कलम २१४(ब) खाली नकार मिळालेल्या मुंबईच्या विद्यार्थ्याला अपील नाही. पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज तेवढा करता येतो. अर्ज नुसताच रखडला असेल, तर ‘निर्णय तरी द्या’ ही मागणी काही न्यायालये ऐकून घेतात.